ग्रामनामांची मोडतोड आणि मराठीचा कान

मराठीत आघात नाही, हे विधान आमच्या सुशिक्षित वर्गात इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याच्या भरीस कोणी पडत नाही. इंग्रजी शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यावयाचा हे मुलांकडून घोकून घेतले जाते. इटालियन किंवा जर्मन शिकविणाऱ्या वर्गांत त्याची तालीम पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. आणि मराठीची गोष्ट निघाली की, 'आपल्यात ही भानगडच नाही, जसे लिहिले तसे वाचावे' असे सांगून प्रकरण मिटविण्यात येते. हे सांगणारे गृहस्थ बहुधा परभाषेचे पदवीधर असतात, ही त्यातली आणखी मौज.

हे विधान केवळ चुकीचे असते तर पंडितांच्या वादात ते सुखाने पडून राहिले असते. वाद जुनाच आहे. टर्नर यांनी १९१६ साली मराठीतील प्राचीन आघाताच्या खुणांवर विस्तृत निबंध लिहिला. झूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात, ज्याचे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेले भाषांतर १९४१ साली निघाले, या प्रश्नाचा निराळ्या अंगाने विचार केला. दोघांचे मत एक नव्हते. तो वाद आम्हांस येथे उकरून काढावयाचा नाही. आमची तक्रार व्यवहारातली आहे. 'आमच्या भाषेत अवयव नाहीत, आघात नाही' असे एकदा मनाने घेतले की, शब्द कसाही लिहिला आणि कसाही उच्चारला तरी बिघडत नाही, ही वृत्ती मागोमाग येते. आणि त्या वृत्तीचे फळ पाहावयाचे असेल तर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गावांच्या नावांची जी दशा झाली आहे, ती पाहावी.

प्रथम अवयव म्हणजे काय ते सांगणे प्राप्त आहे. एका झटक्यात जो ध्वनिसमूह तोंडातून बाहेर पडतो त्याला आम्ही येथे अवयव म्हणतो. लिपीतले अक्षर आणि उच्चाराचा अवयव एक नव्हेत. 'चिंचवड' या नावात लिपीची अक्षरे चार, पण बोलताना अवयव दोनच : चिंच्-वड्. 'चाकण' लिहिताना तीन अक्षरे, बोलताना चा-कण् असे दोन अवयव. हेच नाव अभंगात बसविले तर मात्र अंत्य अकार जागा होतो आणि चाकण पुन्हा तीन अक्षरांचे होते. आमच्या वारकऱ्याला ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात, आणि टाळाच्या ठेक्यावर ती चुकली तर निरक्षर माणसाच्याही कानाला खटकते. देहू आणि आळंदी यांच्या मध्येच तळवडे, चिखली, मोशी ही गावे वसलेली आहेत. ज्या मुलुखात अक्षरे मोजणारी कविता शेकडो वर्षे घरोघर गायिली गेली, त्याच मुलुखात आज नावांची अक्षरे वाढतात आणि घटतात, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'पुण्याचा' हा शब्द वाचकांनी मोठ्याने दोनदा उच्चारून पाहावा. एकदा 'पुण्य' या शब्दाची षष्ठी म्हणून आणि एकदा 'पुणे' या गावाची. लेखन एक, अर्थ दोन, आणि उच्चारही खचित दोन. पुण्याच्या संचयाविषयी बोलताना णकार मागच्या पुकारावर आदळतो आणि पुण्-ण्या असा अवयव पडतो. पुणे गावाविषयी बोलताना पु मोकळा राहतो आणि ण्या पुढे जातो. 'दिव्य' आणि 'दिवा' यांच्या बाबतीतही हेच. 'दिव्याला' म्हणताना दिव्य करणाऱ्या पुरुषाच्या कसोटीची गोष्ट चालली आहे की देवघरातल्या समईशेजारच्या दिव्याची, हे मराठी कान वाक्य पुरे होण्याआधी ओळखतो. ज्या भाषेत अवयव कोठे तुटतो एवढ्यावरून अर्थ बदलतो, त्या भाषेत अवयवविचाराला स्थान नाही असे म्हणणाऱ्याने आपले कान तपासून घ्यावेत.

इटालियन भाषेत असा प्रकार फार ठळक आहे, म्हणून तिच्याशी तुलना करणे बोधप्रद होते. तेथे 'पाला' म्हणजे फावडे आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू. 'कासा' म्हणजे घर आणि 'कास्सा' म्हणजे पेटी किंवा गल्ला. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. व्यंजनाचे द्वित्व झाले की पहिला भाग मागच्या अवयवाला मिळतो, दुसरा पुढच्या अवयवाचा आरंभ करतो, आणि मागचा स्वर आखूड होतो. आमच्या 'सखा' आणि 'सख्खा' या जोडीत हेच घडते. आघाताच्या बाबतीत इटालियन आमच्यापुढे आहे हे कबूल केले पाहिजे. 'आंकोरा' या शब्दात पहिल्या अवयवावर जोर दिला तर नांगर, दुसऱ्यावर दिला तर 'अजून'. मराठीत असा निव्वळ आघाताने होणारा अर्थभेद नाही. परंतु अर्थभेद करीत नाही म्हणून आघात नाहीच, हा तर्क विलक्षण आहे. आघाताचे काम शब्द घडविण्यातही असते.

तेथेही इटालियन भाषेने आम्हांला आरसा दाखवावा. 'बुओनो' म्हणजे चांगला. त्यावरून भाववाचक नाम करताना जोर शेवटच्या अवयवावर सरकतो, आणि मूळ शब्दातील 'उओ' हा भरदार स्वर आकसून 'बोन्ता' असे रूप होते. 'पिएदे' म्हणजे पाऊल. त्यावरून पादचाऱ्याला 'पेदोने'. जोर सरकला की मागचा स्वर हलका होतो. आता आमचे शब्द पाहा : मीठ, मिठागर, भीक, भिकारी, फूल, फुलाचा, वीट, विटेचा. कापूस, लाकूड, बेडूक यांच्या बाबतीत तर स्वर नुसता आखूड न होता समूळ नाहीसा होतो : कापसाचा, लाकडाचा, बेडकाला. का-पूस् असे दोन अवयव होते तोपर्यंत 'पू' मध्ये बळ होते. प्रत्यय लागून काप्-सा-चा अशी नवी फाळणी झाली, आणि त्या उकाराला उभे राहण्यास जागा उरली नाही. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावा आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व व्हावा, हा जो नियम शाळेत मुले पाठ करतात, तो १९६२ साली साहित्य महामंडळाच्या नियमांत नमूद झाला म्हणून जन्मलेला नाही. तो भाषेच्या श्वासोच्छ्वासातून आला आहे. महामंडळाने त्याची नोंद केली एवढेच. मुलांना तो कारणासकट सांगितला तर ती तो विसरणार नाहीत. आज तो हुकूम म्हणून सांगितला जातो, आणि हुकमाची गत जी व्हावयाची तीच होते.

आमच्या लिपीकर्त्यांना या गोष्टीची जाण होती, याचा एक सुंदर पुरावा आमच्या लिपीतच आहे. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एका ठिकाणी र मागच्या अवयवात जातो म्हणून तो रफार होऊन डोक्यावर बसतो. दुसऱ्या ठिकाणी तो पुढच्या अवयवाशी एकजीव होतो म्हणून आडवा लिहिला जातो. 'पुण्याचा' या शब्दात जो भेद लिपीने दाखविला नाही, तो रकारापुरता तिने दाखविला. जगातील किती लिपींत अवयव कोठे तुटतो हे दाखविणारे असे चिन्ह असेल? इटालियन लिपी शेवटच्या अवयवावर जोर असेल तेव्हा खूण करते आणि इतरत्र वाचकावर सोडून देते. तिचा केवढा गौरव होतो! आमच्या आडव्या रकाराचे नाव तरी किती मराठी पदवीधरांना सांगता येईल?

आणि आता चऱ्होलीला जाऊ. इंद्रायणीकाठचे हे गाव, आज महानगरपालिकेच्या हद्दीत. नावाचे अवयव तीन : च-ऱ्हो-ली. पहिला चकार मोकळा, हलका. 'ऱ्ह' हा एकच ध्वनी, तऱ्हेत आहे तसा, कऱ्हा नदीच्या नावात आहे तसा. परंतु पाट्यांवर, पत्त्यांवर, घरांच्या जाहिरातींत हे नाव कधी 'चर्होली' होते, कधी 'चरहोली'. पहिल्या रूपात र मागच्या अवयवात कोंबला जाऊन चर्-हो-ली असे काहीतरी अरबी वळणाचे नाव तयार होते. दुसऱ्यात एक अक्षर जास्तीचे शिरते. अक्षरे जुळविणाऱ्या यंत्रांना प्रारंभी आडवा रकार नीट साधत नसे, हे आम्हांस ठाऊक आहे. आज तो साधतो. जुळविणाऱ्याला त्याची गरज भासत नाही, ही खरी अडचण. तशीच कथा चाकणजवळच्या म्हाळुंग्याची. म्हा-ळुं-गे अशा तीन अवयवांचे नाव कागदोपत्री 'महाळुंगे' होऊन चार अवयवांचे झाले आहे. 'म्हशी'ला 'महशी' म्हणण्यासारखेच हे झाले. पण म्हैस रोज दूध देते म्हणून तिच्या नावाला कोणी हात लावीत नाही!

हे सारे कोठून येते? रोमन लिपीतून. गावाचे नाव प्रथम इंग्रजीत लिहावयाचे, आणि मग त्या इंग्रजी लेखनावरून ते पुन्हा देवनागरीत उतरावयाचे, अशी उलटी गंगा आमच्याकडे वाहू लागली आहे. रोमन लिपीला आमचा अ आणि आ वेगळा दाखविता येत नाही, ड आणि द वेगळा दाखविता येत नाही, ण तिला माहीत नाही. अशा लिपीतून परत आलेले नाव कसे असणार? हिंजवडीचे 'हिंजेवाडी' झाले. हिंज्-व-डी हे तीन अवयव. त्यांचे हिं-जे-वा-डी असे चार झाले आणि जोर भलत्याच 'वा'वर जाऊन बसला. चिंचवडचे परप्रांतीयांच्या तोंडी 'चिंचवाड' होते. चिंच आणि वड ही दोन झाडे ज्या नावात मराठी कानाला सहज दिसतात, त्यातला वड एका काना देऊन तोडला गेला! भोसरीची 'भोसारी' होते, चाकणचे 'चाकन' होते. रोमन अक्षरे वाचून रस्ता सांगणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. त्यांच्या तोंडून ही नावे ऐकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना आम्ही अधिक काय सांगावे?

परप्रांतातून पोटासाठी आलेल्या कामगाराला आम्ही दोष देत नाही. त्याच्यापुढे जी पाटी टांगली तीच तो वाचणार. खेदाची गोष्ट ही की, पाटी रंगविणारा मराठी असतो, मजकूर मंजूर करणारा मराठी असतो, आणि दोघांच्याही घरी ते नाव बरोबर उच्चारले जाते. घरातला उच्चार एक आणि पाटीवरचा दुसरा, अशी फारकत झाली की पुढच्या पिढीत पाटी जिंकते. ती छापील असते ना!

परदेशी नावांचीही हीच गत. आकुर्डीच्या बजाजच्या कारखान्यातून एके काळी पियाज्जो या इटालियन कंपनीच्या परवान्याखाली व्हेस्पा स्कूटरी बाहेर पडत. तो करार १९७१ साली संपला आणि पुढे 'चेतक' आली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. हे नाव मराठीत जसेच्या तसे बसले, कारण त्यात इंग्रजीला बिघडविण्यासारखे काही नव्हते. परंतु कंपनीचे नाव? मूळ उच्चारात अवयव दोनच आहेत, प्याज्-जो. लेखनातला शेवटचा इकार हा केवळ जकार दाखविण्यापुरता असतो, त्याला स्वतःचा आवाज नाही. आम्ही इंग्रजी वाचकाच्या नजरेने ती अक्षरे पाहिली आणि 'पियाजिओ' असे चार अवयवांचे नाव करून मोकळे झालो. त्यातले द्वित्व गेले, आघात गेला. 'पियाज्जो' लिहिणे मराठीला अवघड होते काय? 'सज्जा' आणि 'लज्जा' लिहिणाऱ्या लिपीला?

'पिझ्झा'ची कथा तर याहून गमतीची. इटालियन शब्दात जे व्यंजन आहे ते त आणि स यांच्या संयोगातून होणारे, दाताजवळचे. हा ध्वनी इंग्रजाला शब्दारंभी अवघड जातो, हिंदी भाषकाला तो ठाऊक नसतो, पण मराठी माणसाच्या तोंडात तो जन्मापासून आहे : चाक, चूल, चटका, आणि साक्षात चाकण! चिंचवडचा चकार तालव्य, चाकणचा दन्त्य. एकाच तालुक्याच्या वाटेवर दोन्ही चकार उभे आहेत. ज्यांच्या तोंडी तो ध्वनी तयार होता त्यांनीच इंग्रजी अक्षर पाहून झकार लिहिला. द्वित्व मात्र राखले, एवढ्याबद्दल धन्यवाद मानले पाहिजेत. या खाद्यपदार्थाचे नाव आता बदलावे असा आमचा आग्रह मुळीच नाही, रूढी बलवान असते. परंतु दाराशी उभ्या असलेल्या पाहुण्याला शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहण्याची ही जी सवय आहे, ती त्यावरून ध्यानात यावी.

शब्दसिद्धीच्या बाबतीत होत असलेली हानी याहून खोल आहे. एकारान्त ग्रामनामांचे सामान्यरूप याकारान्त होते : पुणे, पुण्यात, ठाणे, ठाण्याला, तळवडे, तळवड्याचा, किवळे, किवळ्यात, निघोजे, निघोज्याला, वराळे, वराळ्यात, आणि जिभेला थोडी कसरत करावयास लावणारे खालुंब्रे, खालुंब्र्यात. अकारान्त नावे मात्र जशीच्या तशी राहतात. चाकणला, रावेतला, चिंचवडचा असेच मराठी माणूस म्हणतो. हा भेद मोरो केशव दामल्यांनी १९११ च्या आपल्या व्याकरणात शोधून मग लोकांना शिकविला असे नाही. तो लोकांकडूनच व्याकरणात गेला. आज बातम्यांत, निविदांत आणि नोकरीच्या जाहिरातींत 'तळवडेमध्ये', 'किवळेमध्ये', एवढेच काय 'पुणेमध्ये' असे आढळते. नाव ही जणू काचेच्या पेटीत ठेवलेली वस्तू आहे, तिला मराठीच्या हवेचा स्पर्श होता कामा नये! इंग्रजीत नामाला विकार होत नाही म्हणून मराठीतही होऊ नये, एवढाच याचा अर्थ.

नवे शब्द घडविण्याची शक्ती भाषेत उरली नाही, असे जे म्हणतात त्यांनी 'मनपा' या शब्दाकडे पाहावे. महा, नगर आणि पालिका या तीन पदांचे आद्य अवयव घेऊन कोणा अनामिकाने हा शब्द बनविला. तो दोन अवयवांत उच्चारता येतो, त्याला प्रत्यय लागतात, आणि पुण्यात तर तो बसच्या थांब्याचे नाव होऊन बसला. तुरीन येथील इटालियन मोटार कारखान्याने १८९९ साली आपल्या लांबलचक नावाची आद्याक्षरे जुळवून 'फियाट' केले, तेव्हा त्यांनी एक उच्चारता येणारा शब्द निर्माण केला. त्या तोडीचा 'मनपा' आमच्यापाशी असताना नदीच्या अलीकडच्या शहराला आम्ही 'पीसीएमसी' म्हणतो. चार अवयव, चारही इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांची नावे, आणि त्यात ना पिंपरी ऐकू येते ना चिंचवड.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. तो असा की, या पट्ट्यात जर्मन, इटालियन, कोरियन कारखानदार आहेत, देशभरातून कामगार येतात. नावांत एकसूत्रीपणा हवा, आणि तो रोमन लेखनानेच येईल. एकसूत्रीपणा हवा हे आम्हांस मान्य आहे. परंतु सूत्र कोणाच्या हाती असावे? इटलीतील 'लिव्होर्नो' या बंदराला इंग्रज 'लेगहॉर्न' म्हणत आले. आमच्या कुक्कुटपालकांना त्या नावाची पांढरी कोंबडी चांगली परिचित आहे. इंग्रज व्यापारी तेथे पिढ्यान् पिढ्या राहिले, तरी इटालियनांनी आपल्या बंदराच्या पाटीवर 'लेगहॉर्न' लिहिले नाही. 'फिरेन्त्से' चे 'फ्लॉरेन्स' जगाने केले. त्या गावच्या रेल्वे स्थानकावर 'फिरेन्त्से' असेच आहे, आणि परदेशी प्रवासी त्यामुळे वाट चुकले असे ऐकिवात नाही. आमच्याच इतिहासात पाहा. इंग्रजी अमलात खडकीचे 'किर्की' झाले, पुण्याचे 'पूना' झाले. पण मराठी लिहिणारा माणूस खडकी आणि पुणे हेच लिहीत राहिला. परक्यांच्या राज्यात जे जपले, ते स्वतःच्या राज्यात टाकून देण्याचा हा प्रकार आहे.

तेव्हा आमचे मागणे थोडे आहे. प्रत्येक गावाचे नाव प्रथम देवनागरीत ठरावे, त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचा उच्चार ऐकून ठरावे, आणि रोमन लेखन त्यावरून व्हावे. ग्रामनामांची जी सरकारी यादी असेल तीत नावापुढे सामान्यरूपही द्यावे : निघोजे, निघोज्यात; चाकण, चाकणात नव्हे, चाकणमध्ये किंवा चाकणला. यास फार तर एक-दोन रकाने अधिक लागतील. आणि शाळेत चौथी-पाचवीच्या मुलांना आपल्याच गावाच्या नावाचे अवयव टाळ्या वाजवून पाडावयास सांगावे. चऱ्होलीच्या मुलाने तीन टाळ्या वाजविल्या आणि पाटीवर चार अक्षरे दिसली, तर तो मास्तरांना प्रश्न विचारील. मास्तरांनी त्याचे उत्तर तयार ठेवावे.